गार पाण्याचे लहान मासे आणि मंडीदीपचा उन्हाळा

भोपाळपासून सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेस, नर्मदापुरमकडे (पूर्वीचे होशंगाबाद) जाणाऱ्या हमरस्त्यावर मंडीदीप हे औद्योगिक नगर वसले आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते रायसेन जिल्ह्यात मोडते. परंतु बाजारहाट, रुग्णालये व वरिष्ठ कार्यालये यांसाठी तेथील माणूस भोपाळकडेच पाहतो. अकराव्या शतकात परमार राजा भोज याने भोजपूरजवळ बांध घालून विस्तीर्ण तलाव निर्माण केला, पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने तो बांध फोडला, आणि त्या तलावातील एक द्वीप म्हणजेच आजचे मंडीदीप, अशी परंपरा सांगण्यात येते. तलाव राहिला नाही. बेतवा नदी मात्र आजही या परिसरातून वाहते. नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतून येथे आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत, आणि कारखान्यांच्या वसाहतींतील घरांत, शाळांत व दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत माशांची काचेची टाकी दृष्टीस पडते.

या टाक्यांचा इतिहास बहुधा सारखाच असतो. दिवाळीच्या सुमारास मोठ्या हौसेने टाकी आणली जाते. त्याच दिवशी तीत नळाचे पाणी भरून रंगीबेरंगी मासे सोडले जातात. पंधरा दिवसांत त्यांपैकी निम्मे दगावतात. उरलेल्यांतील काही डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत अंगावर पांढरे ठिपके येऊन मरतात, आणि त्यातूनही जे तगतात ते मे महिन्यातील एखाद्या दुपारी वीज गेली असता पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे उघडीत प्राण सोडतात. मग टाकी माळ्यावर जाते आणि 'मासे नाजूकच असतात' असे सांगून मुलांची समजूत काढली जाते. वस्तुतः मासे तितके नाजूक नसतात. बहुतेक ठिकाणी जातीची निवड चुकलेली असते, पाणी तयार झालेले नसते, आणि उन्हाळ्याचा विचार उन्हाळा येईपर्यंत कोणी केलेला नसतो.

निवड कोणत्या माशांची करावी

दुकानांत मिळणारे पुष्कळसे शोभेचे मासे उष्ण प्रदेशांतील नद्यांतून आलेल्या वंशाचे आहेत. त्यांना बारा महिने २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी लागते. भोपाळ परिसरात जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरीने १० ते ११ अंशांपर्यंत उतरते, आणि थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली जाते. अशा वेळी टाकीत विजेचा हीटर ठेवावा लागतो. हीटर बंद पडला किंवा रात्री वीज गेली की पाण्याचे तापमान काही तासांत घसरते, आणि अशा घसरणीनंतर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बळावतो. तो एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. तापमानाच्या धक्क्याने माशाची प्रतिकारशक्ती खचली की या परजीवीचे फावते.

याउलट काही लहान जातींना १८ ते २४ अंशांचे पाणी मानवते, आणि काही काळ त्याहून कमी तापमानही त्या सोसतात. हिमालयातील प्रवाहांत वाढविण्यात येणाऱ्या ट्राउट माशाप्रमाणे त्यांना बर्फाळ पाणी लागत नाही. म्हणून त्यांना थंड पाण्याचे मासे म्हणण्याऐवजी गार पाण्याचे मासे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. मंडीदीपसारख्या ठिकाणी यांना हिवाळ्यात हीटरची गरज सहसा पडत नाही. टाकी खिडकीच्या झोतापासून दूर ठेवली आणि रात्री झाकली म्हणजे पुरते.

यांतील पहिला मासा आपल्याच देशाचा आहे. झेब्रा मासा या नावाने तो ओळखला जातो. लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, अंगावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेले गडद निळे पट्टे, मधूनमधून रुपेरी-सोनेरी झाक, आणि क्षणभरही एके जागी न ठरण्याचा स्वभाव. स्कॉटिश वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा व तिच्या शाखा-नद्यांतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम केले. संथ ओढे, भातखाचरे, नदीकाठची उथळ डबकी ही त्याची वसतिस्थाने. बेतवा यमुनेला मिळते आणि यमुना गंगेला. तेव्हा मंडीदीपचा रहिवासी ज्या खोऱ्यात राहतो त्याच मोठ्या खोऱ्यातील हा मासा आहे.

दुकानात थोड्या पैशांत मिळणाऱ्या या माशाची योग्यता मात्र थोर आहे. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी १९८१ साली त्याच्यावरील आपले महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्याला मानाचे स्थान मिळाले. २०१३ साली त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मानवाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे प्रतिरूप या माशात असल्याचे आढळले. इजा झालेले हृदय तो पुन्हा भरून काढू शकतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या माशावर संशोधन करण्यात आले आहे. शाळेच्या टाकीतील माशाकडे विद्यार्थ्याने या दृष्टीने पाहिले तर त्याचे कुतूहल निराळे होईल.

दुसरा मासा गुलाबी बार्ब. यालाही हॅमिल्टन यांनीच त्याच ग्रंथात नाव दिले, आणि ते 'कांचन पुंटी' या बंगाली नावावरून घेतले. वयात आलेल्या नराच्या अंगावर तांबूस-गुलाबी तेज चढते. मादी सोनेरी-हिरवट राहते. त्याला १८ ते २२ अंशांचे पाणी विशेष मानवते. टाकीत तो सहा-सात सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे त्याला टाकी मोठी लागते, आणि पाणवनस्पतींची कोवळी पाने तो कुरतडतो हेही ध्यानात ठेवलेले बरे.

तिसरा परदेशी. दक्षिण चीनमधील ग्वांगझू शहराजवळच्या 'पांढऱ्या ढगांचा डोंगर' या अर्थाच्या नावाच्या डोंगरावरील ओढ्यात तो एका बालवीर पथकाच्या नायकास सापडला. त्या नायकाचे आडनाव टॅन. १९३२ साली शास्त्रीय नाव देताना संशोधक लिन यांनी त्याच्या स्मरणार्थ या माशास 'टॅनचा मासा' अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजी नावावरून आपल्याकडे त्याला व्हाइट क्लाउड म्हणतात. १९८० नंतर तो मूळ ठिकाणी आढळेनासा झाला, आणि निसर्गातून नाहीसा झाल्याचे मानले जाऊ लागले. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण चीनमध्ये व व्हिएतनाममध्ये त्याचे थोडे समूह पुन्हा सापडले. ज्या काळात ओढ्यातला मासा दिसेनासा झाला होता, त्या काळातही हौशी लोकांच्या टाक्यांत त्याची पैदास अखंड चालू होती. १४ अंशांचे पाणीही त्याला सहज सोसते. दीर्घकाळ २६-२७ अंशांवरचे पाणी मात्र सोसत नाही.

मंडीदीपच्या दृष्टीने विचार केला तर पहिली पसंती निःसंशय झेब्रा माशाला द्यावी लागेल. निसर्गात तो हिवाळ्यातील १६-१७ अंशांपासून उन्हाळ्यातील ३५ अंशांहून अधिक तापमानापर्यंतच्या पाण्यात आढळला आहे. बदल हळूहळू झाला तर तो तग धरतो. मोठी टाकी असेल तर गुलाबी बार्ब ठेवावेत. व्हाइट क्लाउड फक्त त्याच घरी आणावा, जेथे उन्हाळ्यातही खोली गार राहते. सोनेरी मासाही गार पाण्याचाच, पण तो वीतभर वाढतो, पाणी फार घाण करतो आणि लहान माशांना गिळूही शकतो. त्याला यांच्या शेजारी ठेवू नये, आणि काचेच्या वाटोळ्या भांड्यात तर कोणत्याच माशाला ठेवू नये.

थवा म्हणजे किती

हे तिन्ही मासे थव्याने राहणारे आहेत. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना संवेदनशील छिद्रांची एक ओळ असते. तिला पार्श्वरेषा म्हणतात. शेजारच्या माशाच्या हालचालीने पाण्यात उठणारे कंप तिच्यामुळे कळतात, आणि डोळे व पार्श्वरेषा यांच्या साहाय्याने सारा थवा एकदम वळतो. थव्यात अनेक डोळे पहारा देतात, आणि शत्रूला एकावर नेम धरणे कठीण जाते. ही सवय हाडीमासी खिळलेली असते. टाकीत शत्रू नाही म्हणून ती जात नाही.

म्हणून 'प्रत्येक रंगाचे दोन-दोन द्या' अशी जी मागणी दुकानात नेहमी केली जाते, ती या माशांच्या बाबतीत अन्यायाची आहे. एकटादुकटा झेब्रा मासा कोपऱ्यात दडतो, खाणे कमी करतो, किंवा दुसऱ्याच्या मागे सतत लागून त्याला हैराण करतो. बार्ब एकदोन असले तर इतरांचे पर कुरतडू लागतात. एकाच जातीचे किमान सहा, शक्यतो आठ ते दहा मासे ठेवल्यास त्यांच्यातील कुरबुरी आपापसांत वाटल्या जातात आणि कोणा एकावर सारा भार येत नाही. तीन जातींचे तीन-तीन मासे ठेवण्यापेक्षा एका जातीचे नऊ ठेवावेत. टाकीची शोभाही त्यानेच वाढते.

टाकी आणि तिची जागा

आठ-दहा झेब्रा माशांसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकी योग्य ठरते. तीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. काच, वाळू व पाणी मिळून तिचे वजन ७० किलोच्या घरात जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टीपॉयवर किंवा भिंतीतील फळीवर ती ठेवणे धोक्याचे आहे. मजबूत लोखंडी घडवंची असावी, आणि काचेखाली थर्माकोलचा पत्रा अंथरावा, म्हणजे उंचसखलपणामुळे काचेला तडा जात नाही. गुलाबी बार्बसाठी टाकीची लांबी तीन फुटांहून कमी नसावी. झेब्रा मासा उडी मारण्यात पटाईत असल्याने झाकण आवश्यक आहे. त्यात हवा खेळेल एवढी फट मात्र ठेवावी.

जागा निवडताना मे महिना डोळ्यांपुढे ठेवावा. पश्चिमेकडील भिंत, पत्र्याच्या छपराखालची खोली, दूरदर्शन संचाची बाजू आणि स्वयंपाकघर या जागा टाळाव्यात. उत्तर किंवा पूर्व भिंतीलगतची, जमिनीवरच्या मजल्यातील खोली सर्वांत चांगली. थेट ऊन लागले तर पाणी तापते आणि काचेवर शेवाळ माजते. तळाशी नदीची जाड वाळू किंवा बारीक खडे स्वच्छ धुऊन दीड-दोन इंच पसरावेत. हायड्रिला व वॅलिस्नेरिया या आपल्याकडच्याच पाणवनस्पती आहेत. मंद प्रकाशातही त्या वाढतात आणि माशांना आडोसा देतात.

पाणी तयार होणे म्हणजे काय

नवीन टाकीत पहिल्या पंधरवड्यात मासे का मरतात, याचे उत्तर शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे, कारण तीच क्रिया त्याच्या शेतात चालते. शेतात युरिया टाकला की त्याचा प्रथम अमोनिया होतो. जमिनीतील जीवाणू त्याचे नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पिकाला मिळते. टाकीतही मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजून त्यात भर पडते. अमोनिया माशाला विषारी आहे, नायट्राइटही विषारी आहे, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात सोसवते. शेतातील मातीत हे जीवाणू आधीपासून असतात. कोऱ्या काचेच्या टाकीत ते नसतात, आणि त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. गार पाण्यात थोडे अधिकच. दिसायला स्वच्छ असलेले पाणी या काळात माशाच्या दृष्टीने विष असते.

यावर उपाय दोन. पहिला धीराचा. टाकी भरावी, हवेचा पंप व स्पंजचा फिल्टर चालू करावा, रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे आणि महिनाभर एकही मासा न सोडता वाट पाहावी. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच दुकानात मिळतात. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की पाणी तयार झाले असे समजावे. दुसरा उपाय शेजारधर्माचा. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे, त्याच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. दह्याच्या विरजणासारखे त्याचे काम होते, आणि सहा आठवड्यांची वाट बरीच कमी होते. त्या टाकीत रोगाची साथ नसल्याची खात्री मात्र करून घ्यावी.

फिल्टर रात्री बंद करण्याची प्रथा काही घरांत आहे. ती मोडावी. जीवाणूंना प्राणवायू लागतो. वाहते पाणी थांबले की काही तासांत ते मरू लागतात. तसेच स्पंज नळाखाली खसखसून धुणे म्हणजे महिन्याभराची कमाई गटारात घालवणे होय. टाकीतीलच बादलीभर पाण्यात तो हलक्या हाताने पिळावा.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन मिसळलेले असते. माणसाला ते उपकारक, पण माशाच्या कल्ल्यांना दाहक. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी चोवीस तास उघडे ठेवल्यास साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर क्लोरीननाशक औषध बाटलीवरील प्रमाणानुसार वापरावे. विंधन विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण ते जड असू शकते. झेब्रा व बार्ब यांना थोडा जडपणा चालतो. नदीचे पाणी आणण्याचा मोह मात्र आवरावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या यादीत बेतवेचा मंडीदीप ते विदिशा हा पट्टा प्रदूषित म्हणून नोंदलेला आहे. कालिदासाने मेघदूतात विदिशेजवळच्या वेत्रवतीच्या पाण्याची गोडी वर्णिली. ती वेत्रवती म्हणजे हीच बेतवा.

उन्हाळ्याची कसोटी

गार पाण्याच्या माशांचा खरा प्रश्न हिवाळा नसून उन्हाळा हा आहे. मे महिन्यात या भागात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. खोलीत ठेवलेल्या पन्नास लिटर पाण्याचे तापमान त्या वेळी ३२-३३ अंशांपर्यंत चढू शकते. पाणी तापल्याने माशावर दुहेरी आपत्ती येते. २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे साठा घटतो. त्याच वेळी माशाच्या शरीरातील व्यापार जलद होऊन त्याची प्राणवायूची गरज जवळजवळ दुपटीने वाढते. शिवाय उष्ण पाण्यात अमोनियाचा विषारी अंश अधिक असतो. दुपारी वीज जाते, हवेचा पंप थांबतो, आणि मासे वर येऊन तोंडे उघडू लागतात. त्यांना भूक लागली असे समजून एखादे मूल खाद्य टाकते, आणि उरलीसुरली आशाही संपते.

उपाय खर्चिक नाहीत. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच कारण येथे उपयोगी पडते. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. झाकणाऐवजी बारीक जाळी बसवून लहान पंख्याचा झोत पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडल्यास तापमान दोन ते चार अंशांनी उतरते. मे महिन्यातील कोरडी हवा, जी माणसाला लू म्हणून छळते, ती या कामी फार अनुकूल आहे. टाकीच्या मागच्या व बाजूच्या काचांना ओले गोणपाट लावल्यानेही गारवा येतो. मात्र पंप व तारांजवळ ओल जाऊ देऊ नये, आणि विजेची तार खुंटीकडे नेताना ती आधी खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब खुंटीत शिरत नाही. वाफ झालेले पाणी रोज मुरवलेल्या पाण्याने भरून काढावे.

बर्फाचे तुकडे टाकीत टाकणे सर्वस्वी चुकीचे. तापमान एकाएकी खाली येते आणि मासा गारठ्याने नव्हे तर धक्क्याने मरतो. फारच निकड असेल तर पाणी गोठवलेली बंद बाटली टाकीत तरंगत ठेवावी, थर्मामीटरकडे लक्ष ठेवावे आणि तासाभरात दोन अंशांहून अधिक उतार होऊ देऊ नये. वीज गेल्यास पेल्याने पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे. दर दहा मिनिटांनी थोडा वेळ असे केल्याने पुष्कळ मासे वाचतात. बॅटरीवर चालणारे लहान हवापंपही मिळतात. मार्चमध्येच एक घेऊन ठेवावा. एप्रिलपासून जूनपर्यंत खाद्य निम्मे करावे, नवे मासे आणू नयेत, आणि दुपारी टाकीचा दिवा लावू नये. पावसाळा सुरू झाला की हवा दमट होऊन पंख्याचा उपाय मंदावतो, पण तोवर उन्हाचा कडाका ओसरलेला असतो.

खाद्य, सफाई आणि शाळेसाठी एक प्रयोग

खाद्य दिवसातून दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडल्याने काही बिघडत नाही. सोललेला उकडलेला वाटाणा बार्ब आवडीने खातात. दर आठवड्यास सायफनच्या नळीने तळाचा गाळ ओढून घेऊन पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये.

शिक्षकांसाठी झेब्रा मासा म्हणजे चालतेबोलते जीवशास्त्राचे पुस्तक आहे. एका लहान टाकीच्या तळाशी काचेच्या गोट्यांचा थर पसरावा, आणि सायंकाळी एक नर व दोन माद्या तीत सोडाव्यात. उजाडल्याबरोबर अंडी घातली जातात आणि ती गोट्यांच्या फटींतून खाली पडतात, नाहीतर आईबापच ती खाऊन टाकतात. अंडी होताच मोठे मासे बाहेर काढावेत. अंडे पारदर्शक असते. साध्या भिंगातून दुसऱ्या दिवशी आतील जीवाचे डोळे आणि धडधडणारे हृदय विद्यार्थ्यांना पाहता येते. पाणी २६-२८ अंशांचे असेल तर दोन-तीन दिवसांत पिले बाहेर येतात; गार पाण्यात उशीर लागतो. कोणत्याही प्राण्याची चिरफाड न करता हृदयाचे पहिले ठोके वर्गात दाखविण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच असेल.

नदीतून आणू नये, नदीत सोडू नये

हे मासे आपल्या नद्यांचे आहेत म्हणून जाळे घेऊन ओढ्यावर जावे, असा अर्थ कोणी काढू नये. केरळातील डेनिसन बार्ब या देखण्या माशाचे उदाहरण बोलके आहे. सह्याद्रीच्या गार प्रवाहांतील हा थव्याचा मासा परदेशी बाजारासाठी इतका पकडण्यात आला की तो आज संकटग्रस्त जातींत गणला जातो, आणि २००८ साली केरळ शासनाला त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले. दुकानातील झेब्रा व गुलाबी बार्ब बहुधा पैदास केंद्रांतील असतात; तेच घ्यावेत. त्यांना टाकीची सवयही असते.

उलट दिशेचा धोका अधिक मोठा आहे. सरकारी नोकर व कारखान्यांतील कर्मचारी यांच्या बदल्या बहुधा मे-जूनमध्ये होतात. सामान बांधताना टाकीतील माशांचे करावे काय, हा प्रश्न शेवटच्या दिवशी उभा राहतो, आणि मग पुण्य लागेल या भावनेने त्यांना बेतवेत किंवा भोपाळच्या मोठ्या तलावात सोडून दिले जाते. हा मोठा तलाव २००२ सालापासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. टाकीतील मासा आपल्याबरोबर रोगजंतू नेतो. देशी जातीचा असला तरी तो पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला, लांब परांसाठी किंवा रंगासाठी निवडलेला असतो, आणि परदेशी असेल तर तो स्थानिक माशांची जागाच घेऊ शकतो. टाकीची काच साफ करण्यासाठी विकला जाणारा, दक्षिण अमेरिकेतून आलेला सकर मासा अशाच रीतीने आपल्या जलाशयांत शिरला. सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत तो सापडतो. त्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळी मात्र फाटतात.

बदली झालेल्याने मासे शेजाऱ्यास, शाळेस किंवा दुकानदारास द्यावेत. बरोबर न्यायचे असतील तर तेही अवघड नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत एक तृतीयांश टाकीतले पाणी व दोन तृतीयांश हवा ठेवून चार-पाच मासे घालावेत, पिशवीवर दुसरी पिशवी चढवावी, तोंड घट्ट बांधावे, आणि थर्माकोलच्या डब्यात वर्तमानपत्रे गुंडाळून ती ठेवावी. रात्रीचा प्रवास बरा. मुक्कामी पोहोचल्यावर पिशवी नव्या टाकीत वीस मिनिटे तरंगू द्यावी, थोडे थोडे पाणी तीत मिसळावे, मग हातजाळीने फक्त मासे टाकीत घ्यावेत आणि पिशवीतील पाणी टाकून द्यावे. फिल्टरचा जुना स्पंज मात्र धुऊन सामानात बांधू नये. जुन्या टाकीच्या पाण्यात बुडवून, झाकण सैल ठेवलेल्या डब्यातून तो न्यावा, आणि नव्या टाकीत मासे सोडण्याआधी तो बसवून पंप चालू करावा.